हंगामी वाढ

मिशिगनमधल्या आमच्या मोटार कारखान्यात दर जुलैमध्ये नवे साचे बसवण्यासाठी दोन आठवडे काम थांबते आणि आम्ही सारे कामगार तेवढ्यापुरता बेकारभत्त्याचा अर्ज भरतो. गुरुवारी सकाळी रेडिओने देशभरातील अर्जांचा साप्ताहिक आकडा सांगितला. वाढ दरवर्षीसारखी हंगामीच आहे, काळजीचे कारण नाही, असेही सांगितले.

"ऐकलंस ना, वर्नन? उगाच तोंड पाडून बसलायस," माझी बायको लोरेटा म्हणाली. "गळ काढ, तळ्यावर जाऊ."

"काल फाटकाशी उभा होतो. जुने साचे ट्रकवर चढवत होते."

"दरवर्षी चढवतात. त्यांच्या जागी नवे येतात."



"या वेळी साच्यांमागून यंत्रंही चढवली, लोरेटा."