बाजूची सीट

"जुनं ते सोनं," काका म्हणाले.

"सोनं अंगावर घालतात. हे कमरेत घुसतं," मावशी म्हणाली.

दोघं गॅरेजच्या दारात उभी होती आणि दोघांच्या कचाट्यात सापडला होता मावशीचा भाचा, गॅरेजचा मालक. समोर काकांची हिरवी स्पोर्ट्स कार. दोनच सीटची, बसकी, दिव्यांचे डोळे वटारलेली. काकांच्या तरुणपणी रस्त्यावर आलेली. घरात तिला सगळे बेडकी म्हणत, आणि ते काही नुसत्या रूपावरून नव्हे.

भांडण होतं शॉक ॲब्जॉर्बरचं. जुने थकले होते, तेल गाळू लागले होते. भाच्याने ते खोलले, आत नवी सीलं आणि नवं तेल घालून पुन्हा चारही चाकांवर चढवले. पण मावशीचा स्वभाव त्याला ठाऊक होता, म्हणून कोरा संचही मागवून टेबलावर तयार ठेवला होता. उद्या दोघांना घाट ओलांडून लेकीकडे जायचं होतं. म्हणजे काय ते आजच ठरायला हवं.

"नवे मऊ आहेत, काका. पाठीला बरे," भाचा म्हणाला. "हे दुरुस्त केलेले कडक आहेत, पण गाडी रस्ता घट्ट धरते. वाईट दोन्हीही नाहीत."

"ऐकलंस? वाईट नाहीत."

"आणि 'पाठीला बरे' ते नाही वाटतं ऐकू आलं? नवे लाव रे तू. नाहीतर मी उद्या सरळ बसने जाते. हे येतील मागून उड्या मारत."

"हादरे, हादरे! इतकी वर्षं चालवतोय, मला कसा कधी एक हादरा जाणवला नाही?"

मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"कशाला?"

"तुम्ही बसा बाजूला. मी चालवते."

काकांनी आशेने भाच्याकडे पाहिलं. भाच्याला नेमकं तेव्हाच टेबलाखाली काहीतरी पडल्याचं आठवलं. मावशीचा हात गाडीवर चांगला बसलेला होता. तिची स्वतःची छोटी गाडी ती रोज गावभर फिरवायची. पण बेडकीच्या स्टिअरिंगवर काकांशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती, आणि कुणी मागितलंही नव्हतं. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि तान्हं मूल परक्याच्या हातात द्यावं तशी तिच्या तळहातावर ठेवली.

बाजूच्या सीटवर त्यांचे गुडघे कुठे मावेनात. हातांचं काय करायचं तेही कळेना.

गॅरेजमागे मालाच्या ट्रकांनी चाळण केलेला रस्ता होता. मावशीने गाडी त्याच रस्त्याला घातली. पहिला खड्डा तिला लांबूनच दिसला. ती सावरून बसली. काका तेव्हा इंजिनाचा काटा बघत होते.

"आई गं!"

"काय झालं?"

"अगं, बघून चालव!"

"बघूनच चालवतेय. तुमचं लक्ष भलतीकडे, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या खड्ड्याला काकांनी दार पकडलं. तिसऱ्याला दारही पकडलं आणि जीभही चावली. मावशीला मनातून गुदगुल्या होत होत्या. होऊ दे, कळू दे एकदा.

मग रस्ता सुधारला आणि वळण आलं. तिने स्टिअरिंग जरासं फिरवलं. गाडी अशी वळली, जणू मावशीच्या मनात येण्याचीच वाट बघत होती. चाकाखालचा खडा न् खडा तिच्या बोटांपर्यंत येत होता. या गाडीतून ती धान्याच्या पोत्यासारखी आदळत हिंडली होती, आणि ही अशी चालते याचा तिला पत्ताच नव्हता. तिने ॲक्सिलरेटर दाबला.

"हसतेस काय?" काका ओरडले.

आपण हसतोय हे तिला तेव्हा समजलं.

भाचा पुसणं हातात घेऊन दारात उभा राहिला. गाडी आली आणि न थांबता समोरून निघून गेली. काका एका हाताने दार आणि दुसऱ्याने डॅशबोर्ड धरून काहीतरी सांगत होते, पण ते वाऱ्यावर गेलं. थोड्या वेळाने गाडी पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला थांबली.

काका कमरेवर हात ठेवून, वाकून उतरले.

"नवे लाव," ते भाच्याला म्हणाले. "चारही. आत्ताच्या आत्ता."

"खबरदार हात लावलास तर!" मावशी आतूनच म्हणाली. "हेच राहू देत."

"अगं, तूच तर सकाळपासून कानीकपाळी ओरडतेयस!"

"ते मी तिकडे बसायचे म्हणून."

भाच्याने पाना उचलला, परत ठेवला. शेवटी हळूच विचारलं, "म्हणजे उद्या घाटात चालवणार कोण?"

काका उत्तर द्यायला वळले. मावशीचे केस वाऱ्याने पार विस्कटले होते, गाल लाल झाले होते, आणि दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते. काका बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसताना कंबर दुखत होती म्हणून ते गाडीला टेकले.

"तुझ्याकडे एखादी जाड उशी आहे का रे?" त्यांनी भाच्याला विचारलं.

मावशीचं लक्षच नव्हतं. इतका वेळ ती सीटच्या टोकावर बसून चालवत होती. आता ती वाकून सीटखालचा खटका शोधत होती. तो कित्येक वर्षांत कुणी हलवला नव्हता, गंजून घट्ट बसला होता. तिने दात-ओठ खाऊन एक हिसका दिला, आणि सीट कर्रकन आवाज करत पुढे सरकली.