मोहरीची पुरचुंडी

श्रुतिकाने हळदीसाठी आईचा जपून ठेवलेला ब्लाउज अंगात चढवला आणि मावशीचे डोळे भरून आले. "अगदी ताईच दिसतेस गं! नाक, रंग, बांधा, सगळं आईचंच घेऊन आलीस." श्रुतिका हसली नाही. सकाळीच मालाडच्या डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं होतं, पेशींच्या वाढीला आवर घालणारं जे जनुक आईचं बिघडलेलं होतं, तेच, तसंच तिच्यातही उतरलं आहे. आईच्या छातीतली एकच पेशी बेलगाम झाली आणि तिची पिलावळ रक्तातून हाडांत जाऊन बसली होती. ब्लाउज डावीकडे बसेना. ऑपरेशननंतर सपाट झालेल्या जागी आईने आतून शिवलेली मोहरीची पुरचुंडी अजून तशीच होती. "अगं बाई, ही राहिलीच की! थांब, उसवते," म्हणत मावशी कात्री शोधू लागली. श्रुतिकाने पुरचुंडीवर हात ठेवला. "राहू दे गं मावशी. मला शिवता येत नाही."