तीन नंबरची खोली

दिंडोरी रस्त्यावरचं द्राक्षांचं ते कोल्ड स्टोरेज बंद पडून नऊ वर्षं झाली होती. ओसाड जागांचे व्हिडिओ करणाऱ्या हर्षालीला ते दाखवायला तिथला जुना सुपरवायझर सोमनाथ आला होता. भर मे महिन्यातली दुपार. वीज केव्हाच तोडलेली, तरी तीन नंबरच्या खोलीचं लोखंडी दार हाताला बर्फासारखं लागत होतं.

"काका, इथे एक बाई गेली होती म्हणतात," हर्षाली म्हणाली.

"मीना. पेठकडची मजूर. चुकून आत अडकली," सोमनाथ सवयीने म्हणाला.

चुकून नव्हे. तिने चारचौघांत त्याला उलट उत्तर दिलं, म्हणून त्यानेच तिला आत ढकलून कडी घातली होती. थोडी गारठली की येईल वठणीवर, असं म्हणत तो जेवायला गेला आणि जेवल्यावर तिथेच त्याचा डोळा लागला.

हर्षालीने कॅमेरा लावला. "तुम्ही जरा आत उभे राहा ना."

तो चार पावलं आत गेला असेल नसेल, मागे दार धाडकन लागलं. मिट्ट काळोख. अगदी कानाशी कुणाचे तरी दात कडकड वाजू लागले. गार, ओला पदर त्याच्या पाठीला चिकटला.

"हर्षाली, कडी काढ गं!" तो दोन्ही मुठींनी दार बडवू लागला. बोटं बधिर होत चालली.

हर्षालीचा आवाज हातभर अंतरावरून आला. ती रडवेली झाली होती.

"काका, दार सताड उघडं आहे. पण तुम्हाला मागून धरलंय, त्या बाई कोण?"