उजवी बाजू

लेकीचे होणारे सासू-सासरे संध्याकाळी पहिल्यांदाच जेवायला येणार, म्हणून बाबा केस कापायला गल्लीतल्या केशकर्तन माध्यमिक विद्यालयात गेले. तिथली मुलं आसपासच्या लोकांचे केस फुकटात कापून देत, त्यामुळे गावातली बाकीची सलूनं कधीच बंद पडली होती.

बाबांची डावी बाजू झकास बारीक झाली आणि घंटा वाजली. नववीतल्या मुलीने कात्री खाली ठेवली.

"अगं, आणि उजवी?"

"उजवी दहावीला आहे, काका," फळा पुसता पुसता बाई म्हणाल्या. "आम्हाला अभ्यासक्रमाबाहेर जाता येत नाही. आणि दहावीचा आजचा तास संपला."

बाबांनी गयावया केली, पण बाई ढिम्म हलल्या नाहीत.

घरी बाबांना बघून लेकीला रडूच कोसळलं. "मोडलं माझं लग्न!" म्हणत तिने खोलीचं दार लावून घेतलं. तेवढ्यात बेल वाजली. बाबांनी देवाचं नाव घेत दार उघडलं.

दारात व्याही उभे होते. उजवीकडे चकाचक, डावीकडे नुसतं जंगल. बाबांचं डोकं बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"तुम्हाला नववी मिळाली वाटतं?"