बी कसं रुजतं?

तिचा हा शेवटचा सराव पाठ होता. यात नापास झाली, तर शिक्षिका व्हायचं आणखी एक वर्ष लांबणार होतं. "मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याला जे आधीच ठाऊक आहे, तिथूनच शिकवायला सुरुवात करा," हे प्राध्यापकबाईंचं वाक्य तिने पाठाच्या टाचणात अगदी वरती लिहून ठेवलं होतं. पण त्याच बाई निरीक्षणाची वही उघडून मागच्या बाकावर बसल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलं वाक्यच काही केल्या आठवेना.

पहिल्या बाकावरच्या मुलीने पुस्तकाआडून हळूच सांगितलं, "ताई, घाबरू नका. पिशवीतलं बी काढा आणि विचारा, हे काय आहे? मी आधी 'खडा' म्हणते, मग ही माझ्या शेजारची 'बी' म्हणेल. मग तुम्ही 'शाब्बास' म्हणायचं. हा पाठ घेणाऱ्या तुम्ही यंदाच्या नवव्या ताई आहात."

तिने तस्सं केलं आणि पाठ कसा झकास रंगला.



तास संपल्यावर बाईंनी वहीत शेरा मारला, "मुलांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचा इतका सुरेख उपयोग मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही."