दुसरी स्क्रीन

प्रोकोपिसबाबा जन्मापासून बहिरे. ग्रीसमधल्या व्होलोस शहरातलं त्यांचं घर विकायला टपलेला मुलगा स्टेर्गिओस कोर्टात सांगत होता, "बाबांना काही समजत नाही. मला त्यांचा पालक नेमा." व्हिडिओवरच्या पहिल्या सुनावणीत बाबा प्रत्येक प्रश्नाला नुसती मान डोलावत राहिले. लॅपटॉपवर खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाषी बाईंचा चौकोन काडेपेटीएवढा होता. त्यातले हात बाबांना दिसलेच नव्हते, आणि शेजारी बसलेल्या मुलीला, इवान्थियाला, मध्ये पडायची मनाई होती.

सुनावणी संपताच तिने माळ्यावरचा जुना ऑल-इन-वन कॉम्प्युटर खाली काढला.

"अगं, भंगारात दे ते! सुरू व्हायलाच अर्धा तास घेतं," स्टेर्गिओस हसला.

"घेऊ दे. मला त्याची फक्त स्क्रीन हवीय."

रविवारचा अख्खा दिवस वायरींशी झटून तिने तो लॅपटॉपला जोडला. पुढच्या सुनावणीला लॅपटॉपवर न्यायाधीश बाई होत्या आणि जुन्या स्क्रीनभर दुभाषी बाई.

"तुमचे व्यवहार मुलाने बघावेत, याला तुमची संमती आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाबांनी ते हात शेवटपर्यंत नीट पाहिले. या वेळी मान हलली नाही. त्यांचे स्वतःचे हात उठले, भराभरा चालले. दुभाषी बाईंनी बाबांचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं.



"संमती नाही. आणि समज कमी म्हणायची, तर त्याची म्हणा. चाळिशी उलटली, तरी त्याला अजून बापाची भाषा येत नाही."