बिनावेबसाइटचं लॉज

चिखलदऱ्याला माझ्या सासऱ्यांचं लॉज आहे. दर दसऱ्याला ते तिथल्या कंप्युटरला हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात. पण त्यांच्यात आणि धाकट्या भावात वाटणी झाल्यापासून लॉजची वेबसाइट त्यांनी एकदाही उघडून पाहिलेली नाही.

"मामाजी, ती नवी करून घेऊ," हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगतेय.

"काहून?" ते गॅलरीच्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकत म्हणतात. तो लाल कोपरा बघून मला रोज शिसारी येते. "वेबसाइट पाहून कोन येते? दिवाकरले तं वेबसाइटच नाही. तरी त्याचं लॉज फुल असते. नशीब लागते, बाई."

दिवाकर म्हणजे मामाजींचे तेच धाकटे भाऊ, माझे धाकटे काकाजी. त्यांचं लॉज खालच्या वळणावर आहे. ओल्या भिंती, कुबट गाद्या, आणि तरी शनिवारी तिथे खोली मिळत नाही. आमच्याकडे मात्र मामाजींनी परवा स्वयंपाक्यालाही घरी पाठवलं.

रविवारी अकोल्याचं एक कुटुंब तणतणत आमच्या दारात आलं. "फोटो ह्या लॉजचे दाखवता, अन् झोपाले खालच्या त्या घाणीत पाठवता?" बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आमचीच वेबसाइट होती. त्यांच्याच मोबाइलवरून मी तिच्यावरचा बुकिंगचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन मामाजींपुढे धरला.



"बोला साहेब," पलीकडून धाकटे काकाजी म्हणाले, "किती खोल्या पाहिजे?"